पांडाने न खाल्लेला चौकोन

हे आत्ताच सांगायला हवं. खरं म्हणजे मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझं दुसरंच काहीतरी लिहून झालं होतं, ‘नेदरलँड्समध्ये संशोधनाच्या संधी’ असं अगदी शहाण्या मुलीसारखं, संपादक काकूंना पाठवायचं तेवढं बाकी होतं. आणि आज सकाळी विमचा फोन आला. विम आमच्या बागेचा माळी. तो फोन करत नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो सायकलवरून येतो आणि माझ्या ऑफिसच्या खिडकीवर टकटक करतो. तर तो फोनवर एवढंच म्हणाला की मामाच्या चौकोनात काहीतरी वर आलंय, येऊन बघ. मामा म्हणजे माझी आई, डचमध्ये आईला मामा म्हणतात. मी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून पळाले. बघितलं. आणि मला कळेना की आनंद व्हायला हवा की काळजी वाटायला हवी. अजूनही कळत नाहीये. म्हणून हे लिहितेय. संधींबद्दल ज्यांना माहिती हवी असेल त्यांनी मला वेगळं विचारा.

आधी मी काय काम करते ते सांगते. नायमेखनला पीएचडी करते. जंगलातला पांडा बांबू खाऊन पुढे गेला की मागे राहिलेला बांबू पुन्हा कसा वाढतो, हा माझा विषय. हे वाक्य मी इथे आल्यापासून इतक्या वेळा बोललेय, आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा तोच. गणपतीत आइंडहोव्हनला एक काका भेटले, चिप बनवायच्या मशीनवर काम करणारे. त्यांनी हातातला मोदक तसाच धरून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पांडा नाही, पांडाचं उष्टं.” काका, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, माझ्या प्रपोजलमध्येसुद्धा हे इतकं सरळ लिहिलेलं नाही.

दुसरा किस्सा आल्मेरेचा. एका गृहस्थांची ईमेल फिरत फिरत माझ्याकडे आली. शेजाऱ्याचा बांबू कुंपणाखालून त्यांच्या बागेत घुसला होता, आता फरशी उचलायला लागला होता, खेमेंते म्हणजे आपली नगरपालिका काही करायला तयार नव्हती, तर त्यांना विचारायचं होतं की आमच्याकडचा एखादा पांडा शनिवार-रविवारपुरता भाड्याने मिळेल का. मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. मी त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं की आमच्याकडे एकही पांडा नाही, आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण पांडा वरचं खातो आणि बांबूचा खरा जीव जमिनीखाली असतो. त्यांचं उलट उत्तर आलं, मग खालचं कोण खातं? तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला. उत्तर अजून सापडलेलं नाही. माझं बरंचसं काम असंच आहे.

तर जमिनीखाली. बांबू हा झाडासारखा दिसतो पण तो गवत आहे. खाली गाठीगाठींचं जाळं असतं, त्यात सगळी शिदोरी. वसंतात तिथून कोंब वर येतात. आणि गंमत अशी, कोंब जेवढा जाड बाहेर येतो तेवढाच जाड तो जन्मभर राहतो. उंच होतो, फांद्या येतात, पण जाड होत नाही. हे मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, “मंग जाडच निघायचं ना बाप्पा.” जाड निघायला खाली शिदोरी लागते. आणि पांडाला नेमके जाड कोंबच आवडतात. तो एका जागी फतकल मारून बसतो, हात पोचेल तिथपर्यंतचे जाड जाड कोंब मोडतो, सालं सोलून बाजूला ढीग करतो, गाभा खातो, बारीक कोंब सोडून देतो आणि पुढे जातो. आमची लिन, ती तिकडे चीनमध्ये डोंगरात काम करते, ती अशी जागा शोधते. सालांचा ढीग, मोडलेले बुंधे, लेंड्या. तिथे दोरी लावून चौकोन आखते, शेजारी न खाल्लेल्या बांबूचा एक चौकोन आखते, आणि पुढच्या वसंतात परत जाऊन बघते की कुठे किती कोंब आले आणि केवढे आले. खाल्लेल्या जागी कधी कधी भरपूर कोंब येतात, पण बारीक. मग बांबू सावरला म्हणायचं की नाही? लिन म्हणते सावरला. माझी सुपरवायझर मारलेन म्हणते नाही सावरला. मी सकाळी एक म्हणते, जेवणानंतर दुसरं.

माझं काम म्हणजे इथे बागेत तो बांबू लावून, स्वतः पांडा होऊन, बघायचं. गंमत नाही, खरंच. पावसाळी पँट घालून मी चिखलात मांडी घालून बसते आणि हात पोचेल तिथपर्यंतचे जाड कोंब कात्रीने कापते. एका चौकोनात थोडे, एकात जास्त, एकात उशिरा. बाजूच्या सायकल रस्त्यावरून विद्यार्थी जातात. पहिल्या आठवड्यात ते बघायचे, आता हात करतात.

आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा चौकोन कुठला, तर ज्याला हात लावायचा नाही तो. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. पांडाने न खाल्लेला. तो नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? कापलेल्या चौकोनात कोंब कमी आले, तर ते कापल्यामुळे की यंदाच्या हवेमुळे, हे सांगणारा तोच एक. ज्यांना संख्याशास्त्र येतं ते म्हणतील, एकच का ठेवला? नव्हता ठेवला. बाकीच्यांच्या मुळांशी हिवाळ्यात पाणी साचलं आणि ते कुजले. हा एक वाचला. त्याला लाल रिबीन बांधली होती. आणि सप्टेंबरात माझी मीटिंग होती. इथे पीएचडीत पहिलं वर्ष संपताना कमिटी बसते आणि सांगते, पुढे जा किंवा थांब. थांब म्हटलं की नोकरी थांबली आणि मागोमाग इथे राहायचा परवानाही. माझं सगळं त्या लाल रिबिनीच्या आत होतं.

अशात मे महिन्यात आई आली. ब्रह्मपुरीहून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, रिकामं बसायची अजिबात सवय नाही. सायकल येत नाही, टीव्ही कळत नाही, मग रोज दुपारी डबा घेऊन चालत बागेत यायची. विमने तिला कॉफी दिली, तिने विमला चिवडा दिला, आणि त्यांचं जमलं. तो डचमध्ये बोलायचा, ती मराठीत. दोघांनाही आपलं समोरच्याला कळतंय याची पूर्ण खात्री. मी मारलेनला नुसती मारलेन म्हणते याचा मात्र तिला धक्का बसला होता. “मॅडमले नावानं हाक मारते? अन् ते ऐकून घेते?”

मी त्या दिवसांत घरी येऊन रोज एकच रडगाणं गायचे, काम आटपत नाही, आटपत नाही. कोंब एकदम आले होते, कापा, मोजा, वाळवा, वजन करा. आई ऐकायची आणि भाकरी थापायची.

बुद्ध पौर्णिमेला नायमेखनमधली आपली चार-पाच घरं आमच्याकडे वंदनेला आली. आईने खीर केली होती, आणि सोबत, मला विश्वासच बसेना, वास्त्याची भाजी. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबूच्या कोंबांना वास्ते म्हणतात. पावसाळ्यात बाजारात येतात, बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकळून कडूपणा घालवायचा, मग हरभऱ्याची डाळ घालून भाजी. मी किती वर्षांनी खाल्ली. वास्ते कुठून आणलेस विचारलं तर पाहुण्यांना वाढता वाढता म्हणाली, मिळाले. मला वाटलं चायनीज दुकानातला डबा असेल. उरलेली भाजी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेली. इथे जेवणाला सगळे पाव आणि चीज खातात, त्यामुळे माझ्या डब्याभोवती गर्दी झाली. मारलेनने घेतली. परत घेतली. म्हणाली, काहीशी आर्टिचोकसारखी, म्हणजे इकडच्या एका भाजीसारखी, लागते.

जेवून मी बागेत गेले आणि लाल रिबिनीच्या चौकोनात जाड कोंब एकही नव्हता.

पुढचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ. मारलेन म्हणाली गोगलगायी. पण गोगलगायींचा चिकट माग असतो, इथे नव्हता. विम म्हणाला ससे, मग म्हणाला बदकं, मग ढकलगाडी घेऊन निघून गेला. मी एका विद्यार्थ्यांच्या टोळक्यावर संशय घेतला आणि आठवडाभर त्यांना हात करणं बंद केलं. बिचारे. शेवटी व्हिडिओवर लिनला फोटो दाखवले. लिन फारशी हसत नाही. तिने फोटो मोठा करून बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, जाड घेतलेत, बारीक सोडलेत, एका जागी बसून घेतलेत, सालांचा ढीग एका बाजूला आहे. “माझ्या दरीत असतं तर मी पांडा लिहिलं असतं.”

पांडा नायमेखनला येऊ शकत नाही हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. तरी मी त्या रात्री नेटवर शोधलं की इथल्या प्राणिसंग्रहालयातून कोणी पळालंय का. सालांचा ढीग बघूनही मला सुचलं नाही. भाजी खाऊनही सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला काय काय सुचत नाही याची आता मी एक मोजणी करणार आहे.

मग एका संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती आणि मी ओट्याला टेकून म्हटलं की कुणीतरी माझं वर्ष खाऊन टाकलं.

“कोणता चौकोन म्हणतेस वं तू?”

“लाल रिबिनीचा.”

लाटणं थांबलं.

“तो तर मीच कापला.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती माझ्याकडे वळली. तिच्या हाताला पीठ होतं आणि चेहऱ्यावर अजून अपराधीपणा वगैरे काही नव्हता, उलट जरा अभिमानच होता.

“बाकी सारे तू कापून टाकले होते. तेवढाच राह्यला होता. तू रोज म्हणे आटपत नाही, आटपत नाही. म्हटलं पोरीचं तेवढं काम हलकं होईल. विम कापडी पिशवी देऊन गेला, कशाले ते त्याले समजलं नसंल. बसली अन् मोडले.”

“आणि सालं?”

“सालं काय घरी आणू? तिथंच सोलले. अन् वास्ते फेकून द्यायचे काय मंग? भाजी केली.”

मी खाली बसले. फरशीवरच. मी तिला समजावलं, कंट्रोल म्हणजे काय, हात न लावायचा म्हणजे काय. आमच्याकडे शेतात कुणाची एक ओळ कापायची राहिली असेल तर बाजूचा माणूस न विचारता कापून देतो, त्याला कामात मदत म्हणतात. मुद्दाम राहू द्यायचं असतं, राहू देणं हेच काम असतं, हे तिला सांगता सांगता मलाच ते इतकं विचित्र वाटायला लागलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने एवढंच विचारलं की आता काय होईल. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

मारलेनला सांगणं भागच होतं. आई म्हणाली मी येणार. मी नको म्हटलं, पण ती पांढरी साडी नेसून तयार होऊन बसली, शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा नेसायची ती. कॉफी मशीनपाशी मारलेन उभी होती. आईने मला बोलूच दिलं नाही.

“मॅडम, आय कट. माय डॉटर नो मिस्टेक.”

मारलेनला कळेना. मग मी सांगितलं. सगळं. मारलेन ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “यामर.” यामर म्हणजे अरेरे, पण डच लोक बस चुकली तरी तेच म्हणतात आणि घर जळलं तरी तेच, त्यामुळे त्यावरून काही अंदाज लागत नाही. मग तिने आईला विचारलं, त्या दिवशी डब्यात होती ती भाजी?

“यस मॅडम. यू टेक टू टाइम्स.”

मारलेन खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की चिडलीय हे मला पाठीवरून कळलं नाही, आणि ती परत वळली तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता. ती म्हणाली की हे जसं झालं तसं अहवालात लिहायचं, कोणी, कधी, कसं, काही लपवायचं नाही. आणि आईला म्हणाली, छान झाली होती. बस.

सप्टेंबरातली मीटिंगही तशीच झाली. कमिटीत तीन जण होते. एक जण बराच वेळ हसला, एक अजिबात हसला नाही. पुढे जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. म्हणाले, पुढच्या वसंतापर्यंत वाट बघू, तो चौकोन काय करतो बघू, मग ठरवू. तो ना खाल्लेला, ना न खाल्लेला. त्याला आता आम्ही कागदावर काय म्हणायचं यावर एक अख्खी बैठक झाली आणि ठरलं काहीच नाही. विम त्याला मामाचा चौकोन म्हणतो, आणि आता मारलेनही म्हणते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या पोळ्यांच्या संध्याकाळनंतर आई बागेत आली नाही. मी तिला येऊ नको म्हटलं नव्हतं. ये, असंही म्हटलं नाही. माझ्या डोक्यात मीटिंग होती. डबा सकाळीच भरून ठेवायची, आणि दिवसभर खिडकीतून सायकली बघत बसायची. विम मला विचारायचा, मामा कुठे, आणि मी सांगायचे, दमलीय. जुलैत ती परत गेली. विमानतळावर बॅग सोडायच्या आधी तिने विचारलं, “येईल ना वं तो पुन्हा?” बाकी काही नाही. मी म्हटलं, येईल, मुळं जिवंत आहेत. तेव्हापासून रोज फोनवर जय भीम झालं की पहिला प्रश्न, आला का. आणि मी रोज सांगते, आई, वसंतात, आत्ता नाही. मग ती विचारते, जेवलीस का.

तर आज सकाळी. दोन वेगळे मोजे. मामाच्या चौकोनात, मोडलेल्या बुंध्यांच्या मधोमध, एक कोंब. आत्ता. दिवाळीच्या तोंडावर. यायचाच नाही तो या दिवसांत. मी खाली बसून बघितलं. जाड म्हणावा तर नाही, बारीक म्हणावा तर नाही. मारलेन धावत आली, तीही वाकली, म्हणाली, मला माहीत नाही. लिनला फोटो पाठवला, तिने उत्तर दिलं, मला माहीत नाही. खाली शिदोरी शिल्लक आहे म्हणून आला, की उरलीसुरली शिदोरी घाईत उधळतोय म्हणून आला? हवा अजून उबदार आहे म्हणून चुकला? थंडी पडली की हा बहुतेक मरणार, आणि मग वसंतासाठी खाली काही उरेल की नाही? चांगली बातमी आहे की वाईट? आम्ही चौघं, म्हणजे फोनवरची लिन धरून, त्या एका कोंबाभोवती उभे होतो आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. विम म्हणाला, झाकू का याला, गोणपाटाने? मी म्हटलं, नाही, हात लावायचा नाही.

मग आईला व्हिडिओ लावला. फोन खाली नेऊन दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, मला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

“हात नको लावू,” ती म्हणाली.

“नाही लावत.”

“थंडीत मरंल ना पण तो?”

“मरेल कदाचित.”

“मंग?”

“मग काही नाही. बघायचं आणि लिहायचं.”

कपाळावर आठ्या आल्या. विम मागून हात हलवत होता.

“मी असती तर झाकला असता.”

“म्हणून तर तुला तिकडे पाठवलंय.”

आणि ती हसली. त्या संध्याकाळनंतर या विषयावर पहिल्यांदा. इतकी हसली की फोन हलला आणि मला ब्रह्मपुरीचा पंखा दिसला. मग विमशी तिचं मराठीत आणि त्याचं डचमध्ये काहीतरी बोलणं झालं, त्यात दोघंही माझ्याकडे बघून माना हलवत होते. म्हटलं पुढच्या मे महिन्यात येशील? ती म्हणाली, “मॅडमले विचार आधी.” मी विचारलं. मारलेन म्हणाली, येऊ दे, पण पिशवी न घेता.

मे महिन्यात मी इथे असेन की नाही हे त्याच चौकोनावर ठरणार आहे, हे आम्ही तिघींनीही बोलून दाखवलं नाही.

आता ऑफिसात बसून भराभर टाइप करतेय, खिडकीतून बाग दिसते, बाहेर हवा गार होत चाललीय, हवामानाच्या ॲपवर रात्रीसाठी कडाक्याच्या थंडीचं निळं चिन्ह आलंय. विमने कुंपणाला एक गोणपाट अडकवून ठेवलंय. वापरण्यासाठी नाही म्हणे, नुसतंच. मी दर थोड्या वेळाने उठून त्या गोणपाटाकडे बघते आणि परत येऊन बसते. तुमचं कधी असं झालंय का? घरच्या कुणी तुमचं राहिलेलं काम मायेने पुरं करून टाकलं, आणि नेमकं तेच राहू द्यायचं होतं? आणि नंतर तुमच्यावर वेळ आली, की समोर काहीतरी थंडीत उभं आहे, हात पोचतोय, आणि हात न लावणं हेच तुमचं काम आहे? तेव्हा तुम्ही काय केलंत? मला खरंच माहीत नाही, आणि गोणपाट अजून कुंपणावरच आहे.